माल उतरतोय

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून पुन्हा कामावर. वरच्या जबड्याची एक कवळी मेणात बसवली. खालचीचे पुढचे दात उद्या. लॅबमध्ये सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, जणू मीच आजारी आहे. फक्त रेडिओ नेहमीसारखी. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, तोंडाला खंड नाही, म्हणून रेडिओ. तिलाही हे नाव माहीत आहे. म्हणाली, "आलीस एकदाची! तुझ्या वाटच्या कवळ्या मी केल्या. गावातले निम्मे म्हातारे आता माझ्यासारखे हसतात." हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

घरी आले. मेन स्विच वर केला. चहा केला — सवयीने दोघांचा. मग यांचा कॉम्प्युटर लावला. यांना जाऊन महिना होत आला, तेव्हापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. सुरू होतो की नाही अशी भीती होती. झाला. कोपऱ्यात ती हिरवी पट्टी तशीच. ३१ टक्के. यांनी सोडली तिथेच.

खाली बटण होतं. पुढे चालू. दाबलं.

३ फेब्रुवारी

३२. चला.

५ फेब्रुवारी

वन्संचा फोन. "ते डबडं अजून तिथेच आहे का गं? देऊन टाक कोणाला तरी. बघून बघून त्रास होईल तुला."

त्रास त्याने होत नाही. यांच्या चपला आत घ्यायच्या राहिल्या आहेत, त्याने होतो. पण हे वन्संना काय सांगणार! "बघते" म्हटलं.

पंचावन्नाव्या वर्षी माणूस गेम खेळतो याची सगळ्यांनी खूप चेष्टा केली. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायच्या, इमारतींच्या माथ्यावरच्या खोल्यांत ग्रीसमध्ये हात घालायचे, आणि संध्याकाळी अंघोळ करून जहाज चालवायचं. मालवाहू जहाज. या बंदरातून माल भरायचा, त्या बंदरात उतरवायचा. मारामारी नाही, काही नाही. वन्सं म्हणायच्या, म्हातारचळ! यांच्यावर काही परिणाम नाही. "मी दारू पितो का? पत्ते खेळतो का? जहाज चालवतो!"

मी शेजारी स्टुलावर बसायचे, चष्मा लावून. नकाशा माझ्याकडे. यांना सुकाणू धरून नकाशा बघता यायचा नाही. "काय म्हणतोय नकाशा?" असं मलाच विचारायचे. मी म्हणायचे, डावीकडे खडक. की डावीकडे खडक असायचाच. सहा वर्षांत मी एकदाही जहाज आपटू दिलेलं नाही.

आता उतरतोय तो त्याचा दुसरा भाग. किनारा सोडून खुला समुद्र, वादळं, सगळं. दोन वर्षं वाट बघितली आम्ही. जानेवारीत आला. एवढा मोठा की आमच्या इंटरनेटच्या तारेतून उतरायला महिना तरी लागणार होता. यांना त्याचं काहीच नाही. रोज संध्याकाळी हात पुसत आधी कॉम्प्युटरकडे. "आज साडेतीन टक्के माल उतरला!" जेवताना तोच विषय. थेंबे थेंबे तळे साचे, म्हणायचे.

मग एक दिवस कामावर चहा प्यायला बसले. उठलेच नाहीत.

७ फेब्रुवारी, शनिवार

वन्सं राहायला आल्या, पिशवी घेऊन. दोन गल्ल्या सोडून घर आहे त्यांचं, पण "एकटी नको राहूस शनिवार-रविवार." मी त्यांच्यासाठी पलंगावर चादर घातली. यांच्याहून आठ वर्षांनी मोठ्या. त्यांच्यापुढे कोणीच बोलत नाही.

संध्याकाळभर पलंगावर पडून फोनवर व्हिडिओ बघितले. कुठल्यातरी बाईचं कपाट आवरणं. एक झालं की दुसरं. इकडे माझी पट्टी मुंगीच्या पावलाने. वन्संचं कपाट आवरून झालं की माझा माल हलतो! म्हटलं, "वन्सं, तुमच्या फोनचं नेट वापरा ना."

"अगं, मग माझं संपेल की!"

८ फेब्रुवारी, रविवार

मुलाचा फोन. खोली तयार आहे, रंग झाला, सुनेने पडदे लावले. महिनाअखेरीला न्यायला येतो म्हणाला. इथली जागा भाड्याने देऊन टाकू. "कधी येतेस ते सांग फक्त."

तोंडातून निघून गेलं, "हा गेम पूर्ण उतरला की."

"आई... गेम?"

"बाबांचा."

"अगं, माझ्याकडे आण कॉम्प्युटर. इथे तासाभरात उतरेल."

"तिथे नको. इथेच."

लहान मुलाशी बोलावं तसं बोलला मग. "बरं. पण तो उतरला की यायचं. कबूल?"

कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? चांगला आहे मुलगा. काळजीने बोलतो. जायचं नाही असं मी तरी कुठे ठरवलंय? फक्त कोणीतरी मला हातात पिशवी देऊन गाडीत बसवतंय असं वाटतं.

११ फेब्रुवारी

रेडिओला सगळं कळतं. तिला मीच सांगितलं, चुकून. डबा खाता खाता म्हणाली, "माझ्या दिराकडे हाच गेम आहे. डिस्कवर भरून देईल, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये ओतायचा. एक संध्याकाळ, काम फत्ते!"

"नको."

"का गं? हाच तर आहे. अगदी हाच."

तिला कसं सांगू? एकतीस टक्के यांनी उतरवलेत. त्यावर कोणाच्या दिराचा माल मला नको. उरलेला मी उतरवेन. म्हटलं, "शेजारच्या घरातून शिजवून आणल्यासारखं होईल."

रेडिओने माझ्याकडे बघितलं. "तू नं, दिसतेस साधी."

१२ फेब्रुवारी

४१. रोज जेमतेम एक. यांना साडेतीन कसे मिळायचे? तोच कॉम्प्युटर, तीच तार.

१४ फेब्रुवारी

लॅबच्या मालकांनी बोलावलं. "ताई, महिनाअखेर शेवटची ना? तुमच्या जागी माणूस बघतोय मी."

त्यांना कोणी सांगितलं? मुलानेच असणार, कागदपत्रांचं विचारायला फोन केला होता म्हणे. बावीस वर्षं त्या टेबलावर बसते मी. खिडकीतला उजेड डावीकडून येतो, म्हणून दातांची सावली मला उजवीकडे बघायची सवय आहे. तिथे दुसरं कोणी बसणार.

म्हटलं, "अजून उतरायचाय."

"काय उतरायचंय?"

"वेळ आहे अजून" म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. मेण वितळवायची ज्योत उगाच मोठी केली आणि एक दाढ काळी केली!

१५ फेब्रुवारी, रविवार

आज घरीच, म्हणून सकाळपासून लावून ठेवला होता. दुपारी जरा डोळा लागला. उठले तर पट्टी थांबलेली. वन्सं दारात. "तो दिव्यांचा डबा उगाच लुकलुकत होता. केला बंद. वीज जळते."

मी ओरडले. "हात लावायचा नाही त्याला!"

आयुष्यात पहिल्यांदा. वन्संचं तोंड उघडं ते उघडंच. माझंही. मग त्यांनी पिशवी भरली. चपला घालताना म्हणाल्या, "माझा भाऊ गेला म्हणजे माझी सत्ता गेली. कळलं मला." जिना उतरताना रेलिंग धरून उतरत होत्या. गुडघा दुखतो त्यांचा.

वाईट वाटलं. पण पुन्हा हात लावला तर पुन्हा ओरडेन.

१७ फेब्रुवारी

इंटरनेटच्या कंपनीला फोन केला. आधी बाई बोलत होती, ती मशीन निघाली. मग एक माणूस. "आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय मॅडम." म्हटलं, ठीक कसं? आधी रोज साडेतीन टक्के व्हायचे, आता एक. "मॅडम, बंद करून चालू करून बघा." म्हटलं, बंद करून चालू करण्यात माझा महिना गेला! माणूस पाठवा. माणूस येईपर्यंत फोन ठेवणार नाही.

खरंच ठेवला नाही. त्यानेच शेवटी उद्याची वेळ दिली. मी फोनवर भांडू शकते हे मला माहीत नव्हतं. यांच्या वेळी ही कामं यांची.

१८ फेब्रुवारी

हे नीट लिहून ठेवते.

कामावरून लवकर आले. तारवाला आला. तिशीचा असेल, खांद्यावर तारेचं भेंडोळं. त्याने तार तपासली, इंटरनेटचा डबा तपासला, फोनवर काहीतरी बघितलं. "काकू, लाइनला काही झालेलं नाही. पहिल्यापासून इतकीच हळू आहे. तुमची इमारत शेवटची, तार जुनी, आमच्याच्याने याहून जास्त होणार नाही."

"मग आधी साडेतीन टक्के कसे व्हायचे?"

"आधी दिवसभर चालू असायचा ना. हे बघा." फोन माझ्यापुढे धरला. "जानेवारीच्या सुरुवातीला डबा सकाळी चालू, संध्याकाळपर्यंत चालूच. आता सकाळी बंद होतो तो एकदम सहाला लागतो. चार तासांत जेवढं यायचं तेवढंच येणार."

म्हटलं, शक्य नाही. आमच्याकडे घराबाहेर पडताना मेन खाली करतात.

हा यांचा नियम. नियम म्हणजे कायदाच. तरुणपणी एका इमारतीत लिफ्ट बघायला गेले आणि शेजारचं घर जळताना पाहिलं. कुलूप लावलेलं घर. तेव्हापासून शेवटी बाहेर पडेल त्याने मेन खाली करायचा. फ्रीजला तेवढी वेगळी लाइन काढून दिली, बाकी सगळं घर एका खटक्यात बंद. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी एकदा विसरले, तर अर्ध्या रस्त्यातून परत पाठवलं होतं मला. मुलगा शाळेत असताना एकदा विसरला, तर आठवडाभर रोज त्यानेच वर-खाली करायचा. आणि झोपण्याआधी सगळी यंत्रं बंद. त्यात माफी नाही.

तारवाला गेला. मी मेनच्या खाली उभी राहिले.

सकाळी मी आधी निघायचे. हे नंतर. म्हणजे मेन यांच्याकडे.

म्हणजे यांनी केलाच नाही खाली! जानेवारीत रोज मला टाटा करायचे, दार लावायचे, आणि मेनकडे बघून न बघितल्यासारखं करून निघून जायचे. संध्याकाळी हेच आधी घरी यायचे. मेन वर असायचा. मला वाटायचं, यांनी आल्यावर वर केला असेल! आणि जेवताना मला कौतुक सांगायचे, साडेतीन टक्के, साडेतीन टक्के. लबाड! तीस वर्षं आम्हाला पळवलं मेनसाठी, आणि एका जहाजासाठी—

मी हसले. मोठ्याने. रिकाम्या घरात. मग खुर्चीवर बसावं लागलं. त्यांच्या नाही, स्वयंपाकघरातल्या.

आणि मी काय करत होते? त्यांचा नियम पाळून त्यांचाच माल अडवून धरला होता.

१९ फेब्रुवारी

मेन वर ठेवून बाहेर पडले. जिन्यातून दोनदा परत आले. बसमध्येही वाटत होतं, कोणीतरी मागून हाक मारेल. लॅबमध्ये डाव्या सुळ्याच्या जागी उजवा बसवला. रेडिओने बघितलं. "हे आजोबा आता कोणाला चावणार?"

जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून घरी आले. घर जागच्या जागी. एरवी त्या वेळी घरात पंखासुद्धा चालू नसतो, पण कॉम्प्युटर आत एकटा घरघरत होता. कोणीतरी घरात असल्यासारखं. दोन मिनिटं दारात उभी राहिले आणि परत गेले.

संध्याकाळी ५२.

२० फेब्रुवारी

झोपतानाही चालू ठेवला. छान झोप लागली.

२२ फेब्रुवारी, रविवार

काल ६४ होता. आज सकाळी ५९! डोळे चोळले, चष्मा पुसला. ५९. कंपनीने गेममध्ये दुरुस्त्या केल्या म्हणे, त्यामुळे आधी आलेलं काही बाद आणि नवीन जास्तीचं. विकून झाल्यावर दुरुस्त्या! आम्ही कवळी तोंडात बसवल्यावर सांगतो का, थांबा, दोन दात बदलायचेत?

असू दे. करा दुरुस्त्या. आणा किती आणायचं ते. मी आहे.

२३ फेब्रुवारी

वन्संकडे गेले. गुडघ्याचं औषध घेऊन. दार उघडून आत गेल्या, बस म्हणाल्या नाहीत. मी बसले. औषध टेबलावर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "किती झालं तुझं ते?"

"अडुसष्ट."

"टक्के?"

"टक्के."

"मग काय, पास!" म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

२५ फेब्रुवारी

७९. मुलाने पडद्यांचा फोटो पाठवला. निळे. चांगले आहेत. खोलीत एक पलंग, एक कपाट, एक खुर्ची. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. "रविवारी आलो तर चालेल? तोवर होईल ना उतरून?" सून मागून म्हणाली, "आई, इथे तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही!"

तेच तर.

हिशोब केला. रविवारपर्यंत होईल उतरून.

२६ फेब्रुवारी

आज निघताना मेन खाली केला. मुद्दाम.

२७ फेब्रुवारी

आजही. संध्याकाळी मुलाने विचारलं, किती झाला? म्हटलं, फार हळू आहे रे, आमची इमारत शेवटची, तार जुनी. सगळं खरं. तो म्हणाला, "बरं, मग पुढच्या रविवारी येतो." फोन ठेवला आणि सुटल्यासारखं वाटलं. परीक्षा पुढे ढकलल्यावर वाटतं तसं.

असं किती दिवस? रोज थोडा अडवायचा, रोज थोडा सोडायचा. नव्वदला आणून थांबवायचा. मग नव्याण्णवला. आणि मी इथे, पूर्ण न झालेल्या पट्टीसमोर स्टुलावर बसून म्हातारी होणार. मुलाला वाटणार तार वाईट.

आणि हे सगळं यांच्या मेनच्या आड लपून! यांनी मेन वर ठेवला तो माल यावा म्हणून. मी खाली करते तो येऊ नये म्हणून. नाही. हे मला शोभत नाही. जायचं नसेल तर तोंडाने सांगावं. तोंड आहे मला. फोनवर कंपनीशी भांडले ते काय दुसऱ्याच्या तोंडाने?

मेन वर. आता वरच.

१ मार्च

९६. दिवसभर घरात. यांच्या चपला आत घेतल्या, पुसून कपाटात ठेवल्या.

२ मार्च

लॅबमधून आले तेव्हा पट्टीच नव्हती. आधी तारा हलवून बघितल्या. मग कळलं. पूर्ण झाला की पट्टी जाते. जागेवर नुसतं एक बटण. खेळा.

नाही दाबलं. आज नको. जेवले, भांडी घासली.

यांना एवढंच सांगायचं होतं — उतरला हो सगळा.

३ मार्च

आज कामावरून आल्यावर खेळले.

स्टुलावर बसून चाक धरता येत नाही, म्हणजे कळफलक लांब पडतो. त्यांच्या खुर्चीवर बसावं लागलं. खुर्ची त्यांच्या उंचीची. माझे पाय लोंबकळत होते, शाळेतल्या मुलीसारखे.

जहाज बंदरात उभं. खूप सुंदर केलंय. गंजाचे डागसुद्धा दिसतात. यांनी त्या गंजासाठीच अर्धा तास दिला असता. मला आधी दोर सोडता येईनात. मग सुटले तर जहाज मागे गेलं आणि धक्क्यावर आपटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा! पुन्हा सुरू केलं. पुन्हा आपटलं. बघायचं नकाशात आणि हात चालवायचे सुकाणूवर, हे एकदम होत नाही. आता कळलं ते का विचारायचे.

मग मी मोठ्याने बोलायला लागले. डावीकडे धक्का. जरा उजवीकडे घ्या. घ्या, घ्या. आता सरळ. स्वतःच सांगत होते, स्वतःच ऐकत होते. आणि जहाज निघालं. धक्का मागे, दिवे मागे, मग नुसतं पाणी. बराच वेळ नुसतं पाणी.

पाणी चांगलं काढलंय. लाटांवर ऊन पडतं ते अगदी खरं वाटतं.

पण खरं सांगायचं तर मला समुद्र कधीच फारसा आवडला नाही. मला शेजारी बसायला आवडायचं.

माल पोचवला. पलीकडच्या बंदरात, एक ओरखडा न काढता. यांचं जहाज, यांचा माल. पोचला. बंद केलं.

८ मार्च, रविवार

मुलगा आला, गाडी घेऊन. मागची सीट पाडून ठेवलेली, माझ्या सामानासाठी. वन्संना मीच बोलावलं होतं. जेवणं झाली. मुलाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "झाला ना गं उतरून?"

"झाला. सोमवारीच."

"मग? बॅग कुठेय?"

"मी येत नाही."

त्याला वाटलं मी आज येत नाही. "मग पुढच्या—"

"पुढच्याही नाही. आले तर चार दिवस येईन. पडदे बघायला. राहायला नाही."

"आई, कबूल केलं होतंस!"

"केलं होतं. आता नाकबूल करते. लॅबमध्येही सांगितलंय, माणूस बघू नका म्हणून."

उठून फेऱ्या मारायला लागला. अगदी यांच्यासारखा, हात मागे. एकटी कशी राहणार, रक्तदाब आहे, काही झालं तर, रात्री फोन वाजला तर मी दचकून उठतो. मला उठून जवळ घ्यावंसं वाटलं, पण घेतलं असतं तर मी हरले असते. बसून राहिले. फेऱ्या मारता मारता त्याचं लक्ष मेनशेजारच्या चिठ्ठीकडे गेलं. 'खाली करू नये' अशी मीच लावली आहे, सवयीने हात जातो म्हणून.

"हे काय? तू मेन चालू ठेवून बाहेर जातेस? बाबा असते तर—"

"बाबांनीच ठेवला होता चालू. जानेवारीत. रोज. गेम उतरावा म्हणून."

तो थांबला. "बाबांनी?"

"तुझ्या बाबांनी."

"मेन?"

वन्सं एकदम हसायला लागल्या. "माझा भाऊ? अगं, तो माझ्याकडे जेवायला यायचा तर निघताना माझाही मेन खाली करून जायचा! एकदा मी आत अंघोळीला, आणि हा मेन पाडून घरी!" डोळे पुसत होत्या, हसतही होत्या. मुलगाही हसला. मग खाली बसला आणि रडला. हे गेले त्या दिवशीही तो रडला नव्हता. कामं होती तेव्हा त्याच्यामागे.

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

मग वन्सं त्याला म्हणाल्या, "राहू दे तिला. दोन गल्ल्या सोडून मी आहे ना? का मीही मेले? त्या दिवशी माझ्यावर ओरडली, तेव्हाच मला कळलं ही कुठे जात नाही." मग माझ्याकडे वळून, "आणि शनिवारी मी येणार. माझं नेट मी आणीन!"

मुलगा संध्याकाळी गेला. रिकामी गाडी घेऊन. खाली उतरून वर बघून हात केला. मीही केला.

१० मार्च

नवीन गेम लावला. मी निवडला. विमानाचा. यांना विमानाची भीती. "जमीन किंवा पाणी, तिसरं काही नको," म्हणायचे, म्हणून मी सहा वर्षं विचारलंही नाही. सगळी पृथ्वी आहे त्यात, वरून बघायला. जहाजाच्या दुप्पट मोठा. या तारेतून किती महिने लागतील देव जाणे. लागू देत.

यांच्या खुर्चीच्या खाली दांडी असते, ती ओढून खुर्ची खाली केली. पाय टेकले.

शून्य टक्के. डबा भरला. कुलूप लावलं. मेन वर.